तुझी फाइल आपोआप गेली नव्हती

नारपोली, भिवंडी

प्रिय वहिनी,

जयभीम.

काल दुपारी शेवटचं पान प्रिंटरमधून बाहेर आलं. गठ्ठा सारखा केला, दोऱ्यानं बांधला आणि दुकानातच खुर्चीवर झोपून गेलो. उठलो तेव्हा मान अवघडली होती आणि मनात एकच गोष्ट होती. दीड वर्षापूर्वी जे तुला तोंडावर सांगायला हवं होतं, ते निदान आता तरी लिहून टाकावं. तू वाचणार नाहीस हे कळतं मला. तरीही लिहितोय.

तुझी फाइल आपोआप गेली नव्हती, वहिनी. व्होल्टेजनं गेली नव्हती, व्हायरसनंही नाही. मी घालवली. आणि तुझ्याशी खोटं बोललो.

आता सगळं नीट सांगतो.

ब्याऐंशी साली तू लग्न होऊन नारपोलीच्या आपल्या खोलीत आलीस, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आई जाऊन वर्ष झालं होतं. दादा लूमवर जॉबर, बिघडलेले माग दुरुस्त करणारा, त्याची ड्युटी बारा तासांची. मला सांभाळायला घरात कुणी नव्हतं, म्हणून दादाचं लग्न घाईनं झालं, हे तुला नंतर शेजारच्या बायकांकडून कळलं. तू कधी त्याचा उल्लेख केला नाहीस. दिवसभर मागाच्या कांड्या भरायचीस, सूत बोटांना कापायचं, आणि संध्याकाळी माझी पाटी घेऊन बसायचीस.

तू सातवीत शाळा सोडलेली. मी दहावीला गेलो तसं तू म्हणालीस, “मिलिंदा, मीपण फॉर्म भरू का?” दादा हसला. तू भरलास. आपण दोघं एकाच वर्षी परीक्षेला बसलो आणि मराठीत तुला माझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त पडले. मी दोन दिवस तुझ्याशी धड बोललो नव्हतो. आठवतं?

शहाण्णव साली मी दुकान टाकलं. कॉम्प्युटरची दुरुस्ती आणि मराठी टायपिंग. दोनच मशीन होती. टायपिंगला ठेवलेली मुलगी महिन्याभरात लग्न होऊन गेली, तेव्हा तूच म्हणालीस, “मला दाखव. कांड्या भरणारे हात आहेत, बटणं दाबता येतील.” पंधरा दिवसांत जोडाक्षरं तुझ्या बोटांत बसली. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सोसायट्यांच्या नोटिसा, सगळं तू करायचीस. गिऱ्हाईक माझ्याकडे न बघता विचारायचं, “ताई नाहीत का?”

मग ते वंदनाचं प्रकरण झालं. राहनाळला तुझ्या माहेरच्या गल्लीतली पोरगी. तिचा बाप तिचं लग्न ठरवत होता, म्हणत होता की अठरा पुरी झाली. दाखल्यावर तारीख एक जून. गावातल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनलाच, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी सगळ्यांना तीच तारीख लावली, आणि सालही अंदाजानंच टाकलं. वंदना रडत तुझ्याकडे आली. तू सरळ तुझ्या आईला घेऊन तिच्या घरी गेलीस.

तुझी आई पारूबाई, राहनाळची सुईण. चाळीस वर्षं गावातली बाळंतपणं तिनं केली. अक्षर एक येत नव्हतं, पण कोणतं मूल कधी झालं, आडवं होतं का सरळ, बाहेर पाऊस होता का ऊन, सगळं तिला तोंडपाठ. ती त्या बापासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “ही पोर माझ्या हातची हाय. गावात पयली लाइट आली त्याच्या दुसऱ्या दिवशी झालीय. लाइट कधी आली ती सरपंचाला इचार.” सरपंचाकडे कागद होता. हिशोब केला तर वंदना सोळाची निघाली. लग्न थांबलं.

त्या संध्याकाळी तू दुकानात आलीस आणि म्हणालीस, “आईच्या डोक्यात अख्खं गाव आहे. ती गेली की सगळं गेलं.” दुसऱ्या दिवसापासून तू लिहायला बसलीस.

दर रविवारी राहनाळला जायचीस, वहीत उतरवून आणायचीस आणि आठवडाभर दुपारी गिऱ्हाईक नसलं की टाइप करायचीस. टाइप झालेलं वहीचं पान फाडून मशीन पुसायला वापरायचीस. मी म्हणालो होतो का तुला, की पानं ठेव? नाही. उलट मीच म्हणायचो, “कॉम्प्युटरमध्ये गेलं की कायमचं झालं.” केवढ्या ऐटीत सांगायचो.

फ्लॉपीवर एक प्रत काढून ठेवायला दोन मिनिटं लागली असती. मी कॉम्प्युटरवाला. ते मला सुचायला हवं होतं.

गेल्या वर्षीच्या मार्चमधली गोष्ट. मानकोलीच्या एका गोडाऊनचं मशीन बंद पडलं. तिथले मॅनेजर अन्वरभाई, त्यांचे सकाळपासून तीन फोन येऊन गेले होते. त्यांची हार्ड डिस्क गेली होती, ट्रक उभे होते, संध्याकाळपर्यंत चालू करून हवं होतं. माझ्याकडे शिल्लक डिस्क नव्हती. मुंबईला जाऊन आणायची तर दिवस जाणार. तुझ्या मशीनमध्ये दोन डिस्क होत्या. दुसरी मी जादा म्हणून लावली होती. ती काढली, फॉरमॅट मारला आणि मानकोलीला नेऊन बसवली.

त्याच्या आठवडाभर आधी तू मला सांगितलं होतंस, “पहिली भरत आलीय, म्हणून आईचं सगळं मी दुसऱ्या डिस्कवर ठेवलंय, हं.” मी कुणाचा तरी माउस उघडून बसलो होतो. मी “हं” म्हणालो. ते “हं” मला अजून ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी तू मशीन चालू केलंस. मी पाठमोरा होतो.

“मिलिंदा, माझी फाइल दिसत नाही रे.”

तेव्हा मला आठवलं. खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत आठवलं नव्हतं. आणि आठवल्याबरोबर जे तोंडातून निघालं ते हे, “करप्ट झाली असेल. काल व्होल्टेज फार वरखाली होतं.”

“मग?”

“मग काही नाही. करप्ट झाली की येत नाही परत.”

हे दुसरं खोटं. येतं परत, बऱ्याचदा येतं. फॉरमॅट मारला म्हणजे आतलं पुसलं जात नाही, कुठे काय आहे याची यादी तेवढी जाते. त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तिथेच असतो. मी त्याच दिवशी मानकोलीला जाऊन डिस्क मागितली असती तर सगळं मिळालं असतं. पण मग गिऱ्हाइकापुढे कबूल करावं लागलं असतं, आणि तुझ्यापुढेही. मी दोन्ही टाळलं.

तू मशीन बंद केलंस. मग म्हणालीस, “असू दे. आई आहे ना अजून.”

पुढच्या रविवारी नवी वही घेऊन गेलीस. त्याच्या पुढच्या रविवारीही गेलीस. आणि मग एप्रिलमध्ये तुझ्या आईला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

तरीही तू जात राहिलीस. दुकान बंद केल्यावर, कधी मध्येच दुपारी, उन्हात, मग पावसात. तिच्यासमोर एकेक नाव घ्यायचीस आणि ती मान हलवते का बघायचीस. जुलैत तुला ताप येऊ लागला. “जाईल,” म्हणालीस. डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा डॉक्टरकडे नेलं. कावीळ पार वाढली होती. ऑगस्टमध्ये तू गेलीस. चौतीस वर्षांची होतीस, तेही दाखल्याप्रमाणे.

डॉक्टर म्हणाले, पाण्यातून होतं हे. कुठेही झालं असतं. ते खरं असेल. पण दादा अजून जेवताना मध्येच थांबतो आणि म्हणतो, “त्या कॉम्प्युटरनं ऐन वेळी दगा दिला नसता तर ती असं पायाला भिंगरी लावून फिरली नसती. अंगावर काढलं तिनं.” दादाला वाटतं, मला तुझी आठवण येते म्हणून मी गप्प आहे.

या उन्हाळ्यात अन्वरभाईंचा फोन आला. नवा कॉम्प्युटर घेतला होता, तो बसवून द्यायचा होता. काम झाल्यावर मी म्हणालो, “जुन्या मशीनमधली डिस्क मला द्याल का? तिच्यात आमच्या घरचं काही होतं.” कसं विचारावं हे मी वाटेत दहा वेळा ठरवलं होतं. पण ते लगेच म्हणाले, “वही डिस्क ना? तेरी भाभी भी आई थी उसके लिए.”

मला कळेना. मी विचारलं, “कधी?”

“तू बसवून गेलास त्याच्या चारपाच दिवसांनी. मला म्हणाली, भाऊ, यात आधीचं काही दिसतं का बघा. मैंने खोल के दिखाया, काहीच नव्हतं. फक्त आमचा माल. पाणी प्यायली, बसली थोडा वेळ. जाताना म्हणाली, मिलिंदला नका सांगू मी आले होते. त्याला वाईट वाटेल.”

मी तिथे एका खोक्यावर बसलो. अन्वरभाईंनी चहा मागवला. तो मी प्यायलो की नाही ते आठवत नाही.

म्हणजे तुला माहीत होतं. कसं कळलं, हे मी परत येताना जुळवत बसलो. मशीन रोज सकाळी तू पुसायचीस. त्या कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण आपण कधी लावत नव्हतो. आत दोनाच्या जागी एक डिस्क आणि एक वायर लोंबकळती. मी आदल्या दिवशी मानकोलीला गेलो होतो. तुला काय अवघड होतं? दहावीला अकरा मार्क जास्त पडलेली बाई तू.

मग मला धरलं का नाहीस, वहिनी? एक थोबाडीत मारायची. लहानपणी मारली होतीस की, पाटी फोडली तेव्हा. तू नुसतं म्हणाली असतीस की मिलिंदा, डिस्क मानकोलीला आहे, तर मी त्याच दिवशी जाऊन आणली असती, आणि तुझी आई बोलत होती तोवर राहिलेलं विचारून घेता आलं असतं. पण तुला वाटलं, डिस्क रिकामी दिसली म्हणजे गेलंच. मीच सांगितलं होतं ना, येत नाही परत. माझ्या बोलण्यावर तू तेव्हाही विश्वास ठेवलास. मी खोटारडा आहे हे कळल्यानंतरही, कॉम्प्युटरच्या बाबतीत ठेवलास.

मला वाईट वाटू नये म्हणून तू गप्प राहिलीस. बघ, किती वाईट वाटतंय.

डिस्क घरी आणली. अन्वरभाईंनी वर्षभर तिच्यावर मालाच्या नोंदी लिहिल्या होत्या, पण त्या पुढच्या भागात. मागची बरीचशी जागा कुणी शिवली नव्हती. आधी तिची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतली. यावेळी दोन प्रती. मग शोधायला बसलो.

तू हसशील, पण तुझं मराठी मशीनच्या आत मराठी नसतंच. आपला फॉन्ट लावला तर अक्षरं दिसतात, नाहीतर सगळी उलटीसुलटी इंग्रजी चिन्हं. म्हणून मी कोऱ्या पानावर आपल्या फॉन्टमध्ये “राहनाळ” टाइप केलं, ते आत कसं दिसतं ते कागदावर उतरवलं आणि तीच चिन्हं डिस्कभर शोधत गेलो, मग तसेच एकेक दुसरे शब्द. शब्द सापडला की त्याच्या आजूबाजूचा तुकडा उचलायचा, नव्या फाइलमध्ये टाकायचा, फॉन्ट लावायचा, वाचायचा. तुकडा चारपाच ओळींचा. वाक्य अर्ध्यात तुटायचं आणि पुढचं अर्धं कुठे तरी भलतीकडे असायचं. शुक्रवारी लूम बंद असतात, व्होल्टेज बरं असतं, म्हणून शुक्रवार या कामाला ठेवले. चार महिने. डोळे गेले. चष्म्याचा नंबर वाढला. एका शुक्रवारी सबंध दिवस बसून फक्त तीन ओळी मिळाल्या, आणि त्याही आधीच मिळालेल्या निघाल्या.

पण पहिला तुकडा उघडला तेव्हा पडद्यावर तुझी आई बोलत होती. तू तिचं बोलणं सुधारलं नव्हतंस, जसंच्या तसं लिहिलं होतंस. “आडवा व्हता. बापानं आशा सोडलीवती. मी न्हाय सोडली.” खाली तू मुलाचं नाव, आईचं नाव आणि तुझ्या अंदाजानं महिना-साल लिहिलं होतंस.

मला वाटलं होतं, नुसती यादी असेल. तू त्यात काय काय ठेवलं आहेस हे मी कधी विचारलंच नव्हतं. मोठ्या घरातली एक बाळंतीण, तीन दिवस अडलेली. तुझ्या आईनं तिला आणि पोराला वाचवलं. मग पाणी मागितलं तर तिला अंगणात बसवून वरून ओंजळीत ओतलं. “पोराला पयला हात माझा लागला, तो चालला. तांब्याला न्हाय चालला.” खाली तू त्या मुलाचंही नाव आणि साल तितक्याच नीट लिहिलं आहेस. एक शब्द जास्तीचा नाही.

आणि मग तू स्वतः सापडलीस. एका तुकड्यात, अर्ध्यापासून. “...घरात कोन न्हवता. मानूस खाडीवं गेल्ता. मीच इळा तापवला, मीच नाळ कापली. कमळी माझी. भाताची लावणी सरली व्हती.” म्हणजे दाखल्यावर तुझाही एक जून असला तरी तू जूनची नव्हेसच. लावणी उरकल्यावरची, श्रावणातली असशील. पुढे सालाचा पत्ता लागेल अशी ओळ असणार, पण ती नाही आली. त्या जागी अन्वरभाईंच्या गोण्यांची नोंद आहे.

सगळं नाही मिळालं, वहिनी. हे तुला सांगायलाच हवं. साधारण तिसरा हिस्सा गेला. तो आता कुणालाच मिळणार नाही. मी खूप शोधलं.

मागच्या रविवारी जेवढी पानं झाली होती तेवढी घेऊन राहनाळला गेलो. तुझ्या आईला भिंतीला टेकवून बसवलं होतं. मी म्हणालो, “मावशी, तुम्ही कमलवहिनीला सांगितलेलं वाचून दाखवतो.” तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, समजत नसेल. मी वाचायला लागलो.

दुसऱ्या पानावर तिचा डावा हात हलला. चौथ्या पानावर मी एका बाईचं नाव घेतलं आणि तिनं जमिनीवर थाप मारली. मी थांबलो. परत वाचलं. परत थाप. शेजारची म्हातारी बसली होती, ती म्हणाली, “नाव चुकलाय. ती जाऊ तिची. दोघी येकाच म्हैन्यात बाळंत झाल्यावत्या.” मी तुकडे चुकीचे जोडले होते. पेन काढून दुरुस्त केलं आणि परत वाचलं. तुझ्या आईनं मान हलवली.

दोन तास वाचत होतो. दारात बायका जमल्या. एकजण म्हणाली, माझा पोरगा यात आहे का बघ. नव्हता. तो गेलेल्या हिश्श्यात असणार. तशी ती पुढे येऊन तुझ्या आईसमोर बसली आणि स्वतःच सांगू लागली, त्या दिवशी काय होतं, कोण होतं, काय सण होता. तुझ्या आईचा हात तिच्या गुडघ्यावर होता. मी लिहून घेतलं.

तुझं तू बरोबर केलं होतंस. नाव घेऊन मान हलते का बघायचं. फक्त तुझ्याकडे तेव्हा वाचून दाखवायला पानं नव्हती. ती मी मानकोलीला दिली होती.

आता दमलोय. उरलेलं थोडक्यात.

गेलेला हिस्सा मी घरोघर जाऊन भरून काढीन. जमेल तेवढा. पहिल्या पानावर तुझ्या आईचं नाव असेल आणि खाली “लिहून घेणार” म्हणून तुझं. माझं कुठेही नसेल. एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत, एक वंदनाकडे. ती आता शिकतेय, नर्सिंगला जायचं म्हणते.

आणि दुसरं. येत्या शुक्रवारी दादाला सुट्टी आहे. त्याला जेवायच्या आधी समोर बसवीन आणि हे पत्र पहिल्या ओळीपासून वाचून दाखवीन. तो काय करेल मला माहीत नाही. उठून जाईल, मारेल, किंवा तुझ्यासारखाच गप्प बसेल. त्या शेवटच्याचीच मला भीती वाटते. पण तू माझं झाकलंस, आता मला ते झाकलेलं ठेवायचं नाही. एकही ओळ गाळणार नाही.

तुझा,
मिलिंद